कडेनं चालणारे अणू

आमच्या लॅबमध्ये काम थोडं आणि वाट बघणं फार. वाट बघताना माणसं बोलतात, म्हणून किस्से साठतात. मी नववीत शाळा सोडली, श्रीरामपूरला मोटार वाइंडिंग शिकलो आणि आता नगरजवळच्या एका कॉलेजात चुंबकाच्या कॉइली गुंडाळतो. स्वतः फारसं बोलत नाही, त्यामुळे इतरांचं लक्षात राहतं.

काम असं, की हवा काढून घेतलेल्या काचेच्या डबीत लेझरनं अणू इतके थंड करायचे की ते जवळपास थांबतात. मग लेझरच्याच उजेडाची जाळी करून त्यात ते बसवायचे, ट्रेमध्ये अंडी बसवतात तसे. काही पदार्थांत वीज आतून वाहत नाही, फक्त कडेनं वाहते. त्याचीच नक्कल अणूंकडून करून घ्यायची होती. शाहीनताईंची पीएचडी त्यावरच अडकली होती. त्यांची मुदत महिनाअखेर संपणार होती, आणि अणू काही कडेनं चालेनात.

*

अणूंचा फोटो काढला की ते उडून जातात. दर वेळी नवे थंड करावे लागतात. एकदा संस्थेचे एक पदाधिकारी बघायला आले.

"म्हणजे दाखवता येत नाहीत?"

लॅबचे प्रमुख सर म्हणाले, "दाखवता येतात. पण दाखवले की संपतात."

पदाधिकारी म्हणाले, "मग राहू द्या बिचारे."

*

उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून बाहेरून गेले की टेबल थरथरायचं आणि लेझर भरकटायचा. सरांनी ज्युनिअर रोहनला रस्त्यावर उभं केलं.

ड्रायव्हरनं विचारलं, "आत कोन झोपलंय?"

"अणू."

"लई नाजूक हायेत व्हय?" त्यानं गाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी जाताना मात्र ओरडून विचारलं, "उठले का?"

*

शाहीनताईंना बसल्या बसल्या पाय हलवायची सवय. लॅबमध्ये दिवसभर सरांचं चालू, "शाहीन, पाय." शेवटच्या आठवड्यात तर फार वाढलं. कॅन्टीनमध्येही रोहन म्हणाला, "ताई, पाय."

"इथं कुठं अणू आहेत?"

"चहा आहे ना."

*

एका दुपारी फोटोत कडेला ठळक पट्टा दिसला. रोहन पेढे आणायला निघाला. सरांनी शांतपणे खिशातून कापड काढून कॅमेऱ्यापुढची काच पुसली. पुढच्या फोटोत पट्टा नव्हता.

ताई म्हणाल्या, "पुसायला नको होतं, सर."

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताईंचे अब्बा श्रीरामपूरहून टेम्पो घेऊन आले. हॉस्टेलवरचं सामान भरून झालं. ताई म्हणाल्या, "अब्बा, एकच फोटो. आलेच."

त्या फोटोत अणू कडेनं सरकलेले दिसले. सर म्हणाले, "कडेवर अडथळा ठेव." खरा कडेचा प्रवाह अडथळ्यापाशी थांबत नाही, वळसा घालून पुढे जातो. ताईंनी कडेवर उजेडाचा एक ठिपका टाकला. अणू पुन्हा थंड होईपर्यंत कोणी कोणाकडे बघितलं नाही.

फोटो आला. अणू ठिपक्याला वळसा घालून पुढे गेले होते.

"परत घे," सर म्हणाले.

तेवढ्यात ताईंचा मोबाईल वाजला. त्यांचे हात कीबोर्डवर होते, म्हणून मी उचलला. अब्बा होते. "बेटा, विचार तिला, निघायचं ना?"

मी विचारलं.

स्क्रीनवरची नजर न काढता ताई म्हणाल्या, "सामान उतरवा म्हणावं."