कोंडाबाईंचं एक वाक्य

भविष्य, अंगात येणं, संकेत मिळणं... यातलं काही मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. पण माझी बी.एस्सी. नर्सिंगची डिग्री एका दुपारीमुळे आहे, आणि ती दुपार मला उलगडलेली नाही.

मी कन्नड तालुक्यातली. बारावी सायन्स झाले आणि वडील गेले. मग औरंगाबादला – तेव्हा शहराचं नाव तेच होतं – एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून लागले. स्पंजिंग, बेडपॅन, चादरी. पाच वर्षं. शेवटी धीर करून बी.एस्सी.चा फॉर्म भरला आणि वेटिंग लिस्टमधून नंबर लागला! मूळ कागदपत्रं घेऊन गुरुवारपर्यंत कॉलेजात हजर व्हायचं, असं मैत्रिणीनं फोनवर सांगितलं.

बुधवार, दुपारचे अडीच. फीमेल वॉर्डात खिडकीजवळ कोंडाबाई होत्या, फर्दापूरकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लकव्यानं उजवी बाजू आणि वाचा गेलेली. अकरा दिवसांत "अं... अं..." याखेरीज आवाज नाही. त्यांना कुशीवर वळवून मी पाठ पुसत होते. सून डबा धुवायला गेलेली, शेजारचा बेड रिकामा.

"पोरी, उद्यावर ठिवू नगं. आजच जा. पाचाला कुलूप लावत्यात."

म्हातारा, खरखरीत, पण स्वच्छ आवाज. मी वाकून त्यांचं तोंड बघितलं. ओठ तसेच वाकडे.

"आजी, काय म्हणालात?"

"अं..."

इनचार्ज नसीम सिस्टरना एवढंच म्हणाले, "मला आत्ताच कॉलेजला जायचंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जा बेटा, तेरी ड्यूटी मैं देखती."

रूमवरून फाइल घेतली, रिक्षा केली. पावणेपाचला कॉलेजच्या खिडकीशी पोचले. क्लार्क म्हणाला, "आज शेवटचा दिवस, मॅडम. पाचला लिस्ट बंद."

"गुरुवार ना?"

"नोटीस वाचा की." भिंतीवरच्या नोटिशीवर बुधवारच होता.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला विचारलं, आजी कधी बोलल्या का. ती म्हणाली, "नाय ओ ताई! बोलल्या असत्या तर सगळ्या वॉर्डाला पेढं वाटलं असतं."

पुढं अभ्यासात वाचा जाणं म्हणजे काय ते शिकले. कधी एखादी शिवी, देवाचं नाव सुटतं तोंडातून, असं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. पण अख्खं वाक्य? वॉर्डातलं आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असेल म्हणावं, तर आम्ही सगळ्या गुरुवारच म्हणत होतो.

डिग्री हातात आल्यावर साडी घेऊन त्यांच्या घरी गेले. कोंडाबाई ओट्यावर बसलेल्या, वाचा आलेलीच नव्हती. "आजी, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

सून म्हणाली, "असं कुणाचा हात धरीत नायत त्या. वळखलं का काय तुमाला?"

मी मोकळ्या हातानं साडी त्यांच्या मांडीवर ठेवली.