डोंगराकडे तोंड करून

डिंभे धरणाच्या पाण्यावरचा एक उतार बंगल्यासाठी बघायला आम्ही गेलो, तेव्हा सगळ्यांनी धरणाकडे पाहून 'वा!' म्हटलं. मिस्त्रीचाचा तेवढे पाण्याकडे पाठ करून बसले. "नजारा गिऱ्हाईक बघंल. ज्येच्या अंगावर घर बसवायचं, त्येचं तोंड बघू द्या मला," असं म्हणून ते तासभर डोंगराकडे टक लावून राहिले. पापणीही लवत नव्हती. मला तेव्हा हसू आलं होतं.

चाचा जुन्नरचे, पिढीजात गवंडी. मी पुण्याचा आर्किटेक्ट, पदवीचा तोरा मिरवणारा. पण खिडकी कुठे ठेवायची हे मी शिकलो ते चाचांकडून. बिडी पेटवून ते जागेवर फिरायचे आणि धूर कुठे वळतो ते पाहायचे. "घरात आधी वारा ऱ्हायला येतो साहेब, मानसं मागनं." त्यांच्यामुळेच बंगल्याची पश्चिमेची भिंत जाड, दगडी, पावसाला पाठ देणारी झाली आणि पडवी पूर्वेला उघडली. उतार तोडायचा नाही, पायरी-पायरीनं त्याच्याबरोबर उतरायचं, हाही त्यांचाच हट्ट.

खुंट्यांची गोष्ट मात्र मी फारशी कुणाला सांगत नाही. बांधकामाआधी चाचांनी उतारावर दोरी लावून आडव्या सरळ ओळीत खुंट्या ठोकल्या आणि पावसाळाभर कुणी हात लावू नका म्हणाले. दसऱ्याच्या सुमाराला आम्ही परत गेलो. कडेच्या खुंट्या जागच्या जागी होत्या. मधल्या पाच वीतभर खाली आलेल्या, एकही न कलंडता. आजूबाजूला ना गुराचा खूर, ना माणसाचं पाऊल. गवत जसंच्या तसं. चाचा हळूच म्हणाले, "हितनं डोंगर चालतोय. लई सावकास. त्येच्या वाटंत बसायचं न्हाई."

बंगला आम्ही शेजारच्या कातळावर नेला. मालक कुरकुरले, पण पाणी तिथूनही दिसत होतं. राहिली ती राखणदार हिरामणची खोली. ती मालकांना नजरेआड हवी होती, आणि नजरेआड जागा एकच होती, त्या पाच खुंट्यांची. चाचांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हणालो, "एवढीशी खोली चाचा, तिचं वजन ते किती?" त्यांनी थापी उचलली आणि खोली बांधली. इतकी सुबक खोली मी दुसरी पाहिली नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात हिरामणचा फोन आला. "साहेब, दार लागंना." मी म्हणालो, लाकूड फुगलं असेल, रंधा मार. त्यानं दोनदा मारला आणि मग चाचांना फोन केला. चाचांनी एकच विचारलं, "सगळीकडनं घासतंय का एकाच कोपऱ्यात?" कोपऱ्यात, असं ऐकल्यावर ते मिळेल त्या एसटीनं डिंभ्याला आले आणि पुढे पावसात चालत गेले. हिरामणची बायको भाकरी थापत होती. चाचांनी चौकटीवर तळवा ठेवला. "पोरी, दार फुगलं न्हाई. घर निघालंय. भाकरी ऱ्हाऊ दे, लेकरं उचल."

कातळावर पोहोचून त्यांनी मागं पाहिलं, तेव्हा खोली उभीच होती. चुलीचा धूर निघत होता. हिरामण सांगतो, आवाज म्हणून झाला नाही. धुक्यात ती खोली उभीच्या उभी, धुरासकट चालू लागली आणि पाण्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. चाचा पडवीत बसले होते. "तुमच्यामुळे चार जीव वाचले," मी म्हणालो.

"मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "तरी बांदली. तुमी सांगितलं म्हनून बांदली."

त्यानंतर चाचांनी थापी हातात धरली नाही. मी जुन्नरला दोन-तीनदा बोलवायला गेलो. चहा पाजायचे, घरच्यांची विचारपूस करायचे. कामाचं नाव काढलं की दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे. गेल्या वर्षी ते गेले. माझी कामं मात्र चालूच राहिली, एक दिवस खंड पडला नाही. चूक माझी होती. शिक्षा त्यांनी घेतली, आणि मी ती त्यांना घेऊ दिली.