कुंकवाची खूण

गंगापूर रोडला आमच्या समोर राहणाऱ्या त्या गृहस्थाचं नाव विचारायचं अजून राहूनच गेलंय. त्याची जुनी पिकअप मात्र सगळी गल्ली ओळखते, कारण जरा वेग घेतला की ती थरथर कापते. आणि देवळ्याला दिलेल्या लेकीला बाळंतपणासाठी त्याला ह्याच गाडीतून आणायचं होतं.

रविवारी चाकांना विटा लावून तो गाडीखाली शिरला. मागची चाकं फिरवणारा लांब शाफ्ट काढायचा होता. पान्याला हात लावण्याआधी त्याने बायकोकडून ओल्या कुंकवाची बाटली मागवली. शाफ्टवर आणि तो जिथे जोडलाय त्या तबकडीवर समोरासमोर एकेक ठिपका लावला. मी चपला काढून भक्तिभावाने हात जोडले.

"ओ भाऊ, पूजा नाय, खूण हाय!" गाडीखालून आवाज आला. "बसवताना ठिपक्यासमोर ठिपकाच आला पाहिजे. नायतर परत थरथर."

मग बोल्ट सोडून त्याने शाफ्ट तान्ह्या बाळासारखा छातीवर उतरवून घेतला, झिजलेला सांधा बदलला, ठिपक्याला ठिपका भिडवला.

"चला भाऊ, चक्कर मारू."

"मी कशाला?"

"तुमचं पोट पोरीएवढंच हाय ना!"

मी दिमाखात बसलो. त्याने पाण्याचा भरलेला पेला माझ्या हातात, पोटावर टेकवून दिला. गाडी गिरणारेकडे पळाली. तो निम्मा वेळ पेल्याकडेच पाहत होता. थेंबही सांडला नाही.

दारात आल्यावर त्याने ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"उतरा भाऊ. आता ही जागा तिची."

इतक्या मानाने मला आजवर कुणी गाडीतून उतरवलं नव्हतं.