चाळीस हार, नाव नंतर

मोठी ऑर्डर आली की पुंजाराम उंबरकार आधी विचारतात, "कोनाचं आहे?" अकोल्याच्या जठारपेठेत एकतीस वर्षं त्यांचं फुलांचं दुकान आहे आणि हा प्रश्न त्यांनी कधी चुकवला नव्हता. लग्नाच्या हारात गुलाब आणि जरीचा गोंडा जातो. अंत्ययात्रेच्या हारात नुसता झेंडू, मध्ये पांढरी शेवंती, गोंडा नाही. शहरात कोण गेलं हे त्यांना पुष्कळदा नातेवाइकांच्या आधी कळतं.

मे महिन्यातल्या त्या बुधवारी सकाळी कुलदीपचा फोन आला. कुलदीप एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता. सभा-सत्काराची फुलं तो इथूनच नेतो.

"काका, उद्या सकाळी सातले चाळीस हार. एक मोठं पुष्पचक्र. तिरंगी रिबन लावजा. नागपूरहून जवानाची गाडी येऊन राहिली."

पुंजारामांनी वहीत चाळीसचा आकडा लिहिला.

"चक्राच्या पट्टीवरचं नाव नंतर सांगतो. वरूनच नाई आलं अजून. संध्याकाळी फोन करतो."

"बरं," पुंजाराम म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांचा मुलगा गजेंद्र सैन्यात आहे. सीमेवर लढाई सुरू झाली त्या आठवड्यात तो आणि दर्यापूरचा मनोज गावंडे एकाच गस्तीवरून परतले नाहीत. नऊ दिवसांपूर्वी एका अधिकाऱ्याने फोनवर तसं कळवलं आणि बाहेर कुठं बोलू नका, असंही सांगितलं. दोन दिवसांनी पलीकडच्या बाजूने जाहीर केलं की एक भारतीय जवान आमच्या ताब्यात आहे. नाव नाही, फोटो नाही. बेपत्ता दोघं होते.

जठारपेठेत यातलं कोणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकं विचारत, गजू सुट्टीवर कधी येतो? त्याची आई वच्छलाबाई गजरा मोजून देत म्हणत, "जूनमंधी."

मनोजची आई पार्बताबाई दर्यापूरहून रोज संध्याकाळी साडेसहाला वच्छलाबाईंना फोन करायची. मनोज एकदा सुट्टीत गजेंद्रसोबत दुकानात येऊन गेला होता, तेवढीच ओळख. 'एक' हा शब्द दोघींनी कधी काढला नाही. त्या 'पोरं' म्हणत.

"पोरायचं काही समजलं का व बाई?"

"नाई व. तुमाले?"

"नाई. मनोज लई बडबड्या हाय. पकडनारेच कंटाळून सोडून देतीन त्याले."

"आमचा मुका हाय. एका खोलीत ठेवलं असन तं तुमचा त्याले झोपू नाई देनार."

दोघी हसत. पार्बताबाईचं हसणं जास्त वेळ टिकायचं.

बुधवारी फोन ठेवून पुंजाराम दुकानामागच्या खोलीत आले. वच्छलाबाई ओल्या गोणपाटावर झेंडू पसरत होत्या. पुंजारामांनी ऑर्डर सांगितली.

"कोनाचं आहे?"

"नंतर सांगतो म्हने."

"तुमी विचारलं नाई?"

"नाई."

"काहून?"

"तू विचारलं असतं का?"

मुलगी आरती मोबाइल घेऊन उठली. "मी त्या साहेबाले लावते फोन."

"बस खाली," पुंजाराम म्हणाले. "संध्याकाळी समजन."

तिघं ओवायला बसली. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. अकरा वाजेपर्यंत बारा हार झाले. मग वच्छलाबाईंच्या लक्षात आलं की नवऱ्याने शेवटच्या पाच हारांना जरीचे गोंडे बांधले आहेत. त्यांनी कात्री घेतली, पाचही गोंडे कापले आणि डब्यात ठेवले. दुपारी कोणी जेवलं नाही. एकदा फोन वाजला. घरच्या पूजेसाठी कोणाला पाव किलो शेवंती हवी होती.

सहाला दहा मिनिटं असताना कुलदीपचा फोन आला.

"काका, लिहून घ्या. शहीद मनोज गावंडे, दर्यापूर. नाल्यात सापडला म्हने, आपल्याच बाजूले. घरच्या मानसायले सांगितलं आहे. त्याच्या मायले नाई सांगितलं अजून, गाडी आल्यावरच सांगनार. तुमी कोनाले बोलू नका."

पुंजारामांनी पट्टीच्या कागदावर नाव लिहिलं. आरतीने ते वाचून आईकडे पाहिलं. वच्छलाबाईंच्या तोंडून "बरं झालं" असे शब्द निघाले. ते ऐकूच आले नाहीत असं इतर दोघांनी दाखवलं. वच्छलाबाई उठल्या, माठातलं दोन पेले पाणी प्यायल्या आणि परत हारापाशी बसल्या. पण सुई उचलली नाही. ताब्यात असलेला जवान गजेंद्रच आहे, असं अजूनही कोणी सांगितलेलं नव्हतं. नाल्यात दुसरं कोणी सापडलं का, हे कुलदीपला विचारायचं राहून गेलं होतं.

साडेसहाला फोन वाजला.

"नको उचलू," पुंजाराम म्हणाले.

"नाई उचलला तं समजन तिले."

वच्छलाबाईंनी उचलला.

"पोरायचं काही समजलं का व बाई?" पार्बताबाईने विचारलं.

समोर अडतीस हार होते. "नाई व," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमाले?"

"नाई. पन आज भगवंतभाऊ दुपारीच वावरातून घरी आले. माहे दीर. सुना सैपाक करून नाई राहिल्या. माह्याशी कोनीच बोलत नाई. काहून असन व?"

"ऊन लई आहे ना. त्याच्यानं असन."

"हो. असन." फोनवर काही क्षण मागचा आवाज येत राहिला, बरीच माणसं, पण हळू बोलणारी. "मी येऊ का उद्या तुमच्याकडे? अकोल्याले? पहिल्या बसनं निंगते. तुमच्यापाशी बसलं तं बरं वाटन."

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पुंजाराम चक्राला रिबन गुंडाळत होते.

"तुमी नका येऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमीच येतो सकाळी. दोघंबी."

पार्बताबाईने काहून येता, असं विचारलं नाही.