नानांच्या कानातला कापूस

माझ्या कानात मळ फार होतो. ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण तिशी उलटेपर्यंत मी ती मिरवली. आगकाडी, बायकोचा केसांचा आकडा, स्कूटरची किल्ली, शाई संपलेली रिफिल, यांतलं काय कोणत्या कानाला मानवतं याचा माझा दांडगा अभ्यास होता. ऑफिसात डबा खाऊन झाला की मी डोळे मिटून कानात किल्ली फिरवायचो, तेव्हा शेजारचे लोक उठून जायचे. मला वाटायचं, मला निवांतपणा मिळावा म्हणून जात असतील.

एवढं ज्ञान स्वतःच्या दोनच कानांवर वाया घालवणं मला पटेना. म्हणून मी वडिलांचे कान ताब्यात घेतले.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या बाजूला आमचं थोडं रान होतं, त्यात झेंडू आणि शेवंती. नाना रोज पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे. माल तासा-दोन तासांत संपायचा, पण ते दहाच्या आत कधी घरी आले नाहीत. हारवाल्यांशी घासाघीस, शेजारी बसणाऱ्या शेतकऱ्यांशी गप्पा, कोणाच्या विहिरीला पाणी किती आणि कोणाचा जावई कसा, हे सगळं उरकून यायचे. घरात महिनाभर बोलणार नाहीत एवढं तिथे एका सकाळी बोलायचे.

दोन हजार साल उजाडायच्या आसपासच्या थंडीत एकदा ते म्हणाले, "कानात दडे बसल्यावानी व्हतंय." मी याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखा उठलो. तेलात लसूण कडकडीत तापवला, तेल कोमट झाल्यावर दोन्ही कानांत सोडलं, आणि ते ओघळू नये म्हणून आईच्या देवघरातला वातींचा कापूस घेऊन त्याचे बोळे बसवले. बोळा नीट आत जावा म्हणून आगकाडीने ढकललासुद्धा. आई म्हणाली, "लय आत घालू नको." मी तिला म्हणालो, "तुला यातलं कळत नाही."

आता आमच्याकडे थंडीत पहाटे बाहेर पडणारा प्रत्येक माणूस कानात कापूस घालून वर मफलर गुंडाळतो. नानाही घालायचे आणि घरी आल्यावर काढून टाकायचे. रोज कानातून कापूस निघताना दिसत होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. तो त्यांचा वरचा कापूस होता. माझा खाली तसाच होता, आणि दर रविवारी मी त्याच्यावर मोठ्या मायेने तेल ओतत होतो.

उन्हाळ्यापर्यंत नानांना हाक ऐकू येईनाशी झाली. मी एव्हाना जाणकार होतोच, निदान करून मोकळा झालो. "वय झालं," मी सगळ्यांना सांगितलं. बाजारात गिऱ्हाईक दोन-दोनदा विचारून कंटाळतं असं कानावर आलं, तेव्हा मीच नानांच्या कानाजवळ जाऊन ओरडलो, "आता तुम्ही घरी बसा, माल मी गडी लावून पाठवतो." ते "बरं" म्हणाले. त्यानंतर वर्षभर ते ओट्यावर बसून असत. सकाळ झाली की मफलर बांधायचे आणि कुठेच जायचे नाहीत. आम्हीही त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायला शिकलो होतो. जेवताना मी बायकोला सांगायचो, "नानांचं आता काही खरं नाही," आणि नाना भाकरी मोडत असायचे.

पुढच्या पावसाळ्यात किल्लीने माझाच कान ठणकायला लागला. मला दवाखान्याची भीती वाटते. चौतिसाव्या वर्षी मी वडिलांना सोबत घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी माझ्या कानात बघितलं, कशाने कोरता ते विचारलं, आणि उत्तर ऐकून शांतपणे म्हणाले, "किल्ली स्कूटरला लावा. मळ आपोआप बाहेर येतो, तुम्ही तो आत ठासता." मग नानांकडे वळले. मी घाईने सांगितलं, "त्यांचं वयामुळे आहे."

"बघू तर द्या," ते म्हणाले.

त्यांनी बारीक चिमट्याने नानांच्या उजव्या कानातून काळा, तेलकट, बोराएवढा गोळा काढला. मग डाव्या कानातून. ट्रेमध्ये ते उलगडून त्यांनी विचारलं, "हा कापूस कोणी घातला?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. नाना हळूच म्हणाले, "पंखा वाजतोय."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "नाना, आत कापूस राहिलाय हे तुम्हाला जाणवलं नाही?"

"जाणवायचा की."

"मग सांगितलं का नाही?"

"तू घातला व्हता. मला वाटलं, औषधाचा हाय, राहू द्यायचा आसंल."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्कूटरवरून घरी येईपर्यंत मागे बसलेले नाना वाटेतल्या प्रत्येक हॉर्नला मान वळवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः त्यांना बाजारात सोडायला गेलो. नानांच्या नेहमीच्या जागेवर दुसरा शेतकरी बसला होता, वर्षभर तो तिथेच बसत होता. नानांनी त्याला उठा म्हटलं नाही. ओळीच्या अगदी शेवटी, नळाजवळच्या चिखलात त्यांनी पोतं अंथरलं आणि शेवंतीचा ढीग लावायला घेतला. मी शेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "नाना, चुकलं माझं." ते फुलं लावत राहिले. सवयीने मी त्यांच्या कानाजवळ गेलो आणि तेच पुन्हा मोठ्याने म्हणालो, इतक्या मोठ्याने की ओळीतली दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

"मघाशीच ऐकलं म्या," नाना म्हणाले. "सरक तिकडं, गिऱ्हाईक आलंय."