आखूड पातं

विमानाला तीन पात्यांचा पंखा बसवायचा म्हणून मालक हटून बसले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. वायुदलात माझी सगळी नोकरी पंखे उतरवण्या-चढवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मी इस्लामपुरातून मोटरसायकलवर या विमान शिकवणाऱ्या शाळेत यायला लागलो. दोन माणसं बसतील एवढंच एक विमान, त्याची देखभाल माझ्याकडं. जुना पंखा झिजून बाद झाला होता. आणि मालकांचं म्हणणं काय, तर फोटोत तीन पाती रुबाबदार दिसतात! वर मलाच ऐकवलं, की घरातल्या पंख्यालासुद्धा तीन पाती असतात, दोन बघून पालकांना वाटतं एक मोडलंय.

आता या माणसाला काय म्हणायचं? मी सुनावलं, की तिसरं पातं म्हणजे विमानाच्या नाकावर जादा ओझं. दोन पात्यांचा पंखा हलका, देखभालीला सुटसुटीत, आणि उंचीवर सरळ जाताना वेगही बरा देतो. रुबाबच पाहिजे असंल तर शेपटीला फेटा बांधा, म्हणालो.

आटपाडीकडची एक विद्यार्थिनी तिथंच उभी होती. आजा मेंढरं राखायचा, बाप लष्करात, आणि ही त्या घरातली पहिली विमानात बसलेली. ती पंख्यापाशी उकिडवी बसली, पात्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत वीत लावून बघितली आणि म्हणाली, "आवं काका, तीन पात्यांचा पंखा आखूड असतोय. जमिनीपासनं आत्तापेक्षा चार बोटं वर ऱ्हाईल. आपल्या धावपट्टीच्या टोकाला खडी लय हाय."

"तू आधी उडायला शीक," मी म्हणालो. "पंख्याचं मी बघतो."

दोन पात्यांचाच पंखा आला. मी आठवडाभर छाती फुगवून फिरलो.

धावपट्टीच्या त्या टोकाला डांबर उखडलेलं. विमान वळायला तिथंच जायचं, पंखा खालची खडी वर ओढायचा आणि पात्याच्या काठावर टवका उडायचा. टवका तसाच ठेवला तर तिथून पातं तडकतं, म्हणून मी कानस घेऊन काठ गुळगुळीत करायचो. दर दोन-चार दिवसांनी हेच. झाडणाऱ्याला शिव्या घातल्या, मालकाला घातल्या, पोरांना घातल्या. स्वतःला तेवढी घातली नाही.

पोरगी एकटीनं विमान उडवणार होती त्या दिवशी आधी शिक्षकांबरोबर एक फेरी मारून आली. मी पंखा तपासला. टोकाशी एवढा खोल टवका, की कानशीनं निघणारा नव्हता. विमान जागेवर उभं. शिक्षकांनी वहीत शेरा मारला, की विद्यार्थिनीनं खडीवर बेफिकीरपणे इंजिन वाढवलं. शेजारच्या सीटवर हेच महाशय बसले होते की! तिच्या नावावर आधीचा एक शेरा होता, एसटी चुकल्यामुळं उशीर झाला म्हणून. दुसरा पडला की नाव कमी, असा शाळेचा नियम.

ती भांडली नाही. पिशवी भरायला लागली.

मी पात्याच्या काठावरून बोट फिरवत होतो. माझ्याच कानशीच्या खुणा, एकीपुढं एक. कुठली या पोराच्या फेरीची, कुठली त्या पोराची, एक तर खुद्द शिक्षकांच्या फेरीची. हातात कानस घेऊन महिनाभर मी तेच वाचत होतो आणि मला अक्षर लागत नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

तसाच ऑफिसात गेलो. "शेरा खोडा," म्हणालो. "चूक पोरीची न्हाई, माझी हाय. पंखा मी निवडला."

मालक गालात हसले. मग तीन पात्यांचा मागवूया ना, म्हणाले. शिक्षक म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही, आणि या वयात नाव कशाला खराब करून घेता. एका पोरीचं आयुष्य जात होतं आणि यांना माझ्या नावाची काळजी! मी वही ओढली आणि शेऱ्याच्या खाली लिहिलं, 'हा पंखा या धावपट्टीला लांब पडतो. विद्यार्थिनीनं हे आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' खाली सही ठोकली. मग तिचं नाव कमी करायला कुणाचा हात धजला नाही.

तीन पात्यांचा पंखा आला. मालकांनी उडवायच्या आधी फोटोग्राफर बोलावला, त्याचाही मला संताप आला, पण तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

पोरगी एकटी वर गेली, तीन फेऱ्या मारल्या, अलगद उतरली, त्या खडीवरनंच वळून आली. मी धावत जाऊन पात्यांच्या काठावरून नख फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. कुठं अडकलं नाही. ती खाली उतरून माझ्यामागं येऊन उभी राहिली होती.

"काका," म्हणाली, "कानस आणून देऊ का?"