आधी चार घास

काकूचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला ऑफिसचा जिना चढत होते. "आई गेल्या गं," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. आजी पहाटे झोपेतच गेली होती, मारेगावच्या घरी, स्वतःच्या खाटेवर. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली कोणीतरी गाडी लावता लावता कोणाला तरी हसत हाक मारत होतं. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं याला काही ताळतंत्र नसतं. माझ्या मनात आलं, काकूने मी जेवले का ते विचारलंच नाही... आमच्या घरात मृत्यूची बातमी उपाशीपोटी कोणाला मिळत नसे. पण ती देणारी बाईच गेली म्हटल्यावर हा शिरस्ता पाळणार तरी कोण!

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई, कमल. दुपारचं स्वयंपाकघर आवरलं की ती फोन घेऊन ओसरीत बसायची. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाची बदली झाली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे सगळं नागपूरपासून पुण्यापर्यंत ती एकटी पोचवायची. मधूनच चाळीस वर्षांपूर्वीचं एखादं लग्न निघायचं आणि त्यात कोणाचा फेटा विहिरीत पडला होता तेही. बातमीच्या जोडीला एखादा पदार्थ हमखास असायचा. तिच्या सांगण्यात माप कधीच नव्हतं. "तिखट किती टाकायचं आजी?" म्हटलं की उत्तर यायचं, "डोळ्याले पटन इतकं." माझ्या डोळ्याला जे पटायचं ते जिभेला कधीच पटलं नाही, हा भाग वेगळा. आनंदाची बातमी ती धाडकन सांगून टाकायची. वाईट बातमीची तिची रीत मात्र वेगळी होती. फोन लावून आधी विचारायची, "जेवली का?" नाही म्हटलं, की एखादा झटपट होणारा पदार्थ सांगायची, गोळाभात नाहीतर पातोडी, आणि शेवटी म्हणायची, "खाल्लं की मले फोन कर." आपण खाऊन फोन केला की मग शांतपणे सांगायची, कोण गेलं ते.

यामागे तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट होती. मारेगावच्या घरात तेव्हा पुरुषांची पंगत उठल्यावर बायका बसत आणि सून सगळ्यांत शेवटी. आजीने नुकतंच स्वतःचं ताट वाढून घेतलं होतं. तेवढ्यात माहेरचा एक माणूस आला आणि दारातूनच बोलला, तुमचे वडील गेले. ताट उचललं गेलं. अंगावर पाणी घेऊन ती नेसत्या लुगड्यानिशी माहेरी निघाली. तिथे चूल पेटलेली नव्हती आणि एवढ्या आकांतात कोण कोणाला खायला विचारणार? दुसऱ्या दिवशी ती अंगणात चक्कर येऊन पडली. सगळे म्हणाले, बापावर फार जीव होता बिचारीचा. आजी हे सांगताना हसायची. "दुःखानं नाही बाई, भुकेनं पडली मी." तिच्या मोठ्या बहिणीला, माईला, ते बरोबर कळलं. तिने शेजारून भाकरीचा तुकडा पदराआड लपवून आणला आणि गोठ्यामागे हिला भरवला. तिथेच दोघी बहिणींनी ठरवून टाकलं, आपल्या तोंडून कोणाला अशी बातमी जाईल तर माणसाच्या पोटात आधी चार घास गेलेले असतील.

या रीतीने एकदा भलताच घोटाळा केला. माझा चुलतभाऊ सुधीर पुण्याला नवीनच नोकरीला लागला होता. एका सकाळी आजीला बाजारात कोवळी अंबाडी मिळाली आणि तिला लहर आली. तिने सुधीरला फोन करून अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून कशी करायची ते सांगितलं. पुढे काही बोलायच्या आत दुधवाला आला म्हणून फोन ठेवून दिला. सुधीरने ओळखलं, आजोबा गेले! परत फोन करून ऐकायची त्याची छाती होईना. तो मिळेल त्या गाडीने निघाला आणि दुसऱ्या दिवशी दाढी वाढलेला, डोळे सुजलेला मारेगावच्या दारात उभा राहिला, तर आजोबा ओसरीत पेपर वाचत बसलेले. ते म्हणाले, "काहून रे, असा मधातच आला?" सुधीर "काही नाही... अंबाडी चांगली झालती," म्हणाला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला. त्यानंतर आजीने सुधारणा केली. साधंच काही सांगायचं असलं की सुरुवातीलाच म्हणायची, "सगळे खुशाल आहेत बरं का. आता ऐक."

मी अमरावतीला हॉस्टेलवर असताना एकदा भर दुपारी तिचा फोन आला. "मेसमधे काय आहे आज?" तिने विचारलं. सगळे खुशाल आहेत, हे वाक्य आलं नाही. मी म्हटलं, वांग्याची भाजी आहे, पण मला भूक नाही. "नाही कशी? जा, दोन पोळ्या खाऊन ये. मी इथंच बसून आहो." मी गेले. मला कळलं होतं की काहीतरी झालंय, पण काय ते कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं... एकेक घास पाण्याबरोबर उतरवला. परत येऊन फोन लावला तेव्हा तिने मला माझे बाबा गेल्याचं सांगितलं. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे त्या दिवशी मी पुरती एकटी झाले. ते दुःख तर आहेच. पण ज्या बाईचा स्वतःचा मुलगा समोर निजवलेला होता, ती फोन कानाला धरून माझ्या दोन पोळ्या संपायची वाट बघत बसली होती, हे मला अजूनही सहन होत नाही.

पुढे नोकरी यवतमाळला लागली आणि बाबांच्या घरात मी एकटीच राहिले. लग्न केलं नाही. रोज दुपारी आजीचा फोन यायचा आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. कधी कधी मी चिडायचे, म्हणायचे, आजी, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? ती चिडण्याकडे लक्षच द्यायची नाही. आता दुपार होते, फोन गप्प असतो आणि मी चिडावं असं कोणी उरलेलं नाही.

दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एक गोष्ट राहून गेली. माईला कळवायचं होतं. माई राजूरला असते, नव्वदीच्या घरात आलेली, हृदय नाजूक. तिच्या सुनेने इतके दिवस तिला सांगून ठेवलं होतं की आजीचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. पण माई रोज विचारत होती. सून मला फोनवर म्हणाली, "माही हिंमत नाही होत. अन् फोनवर त अजिबात नको. तूच ये." काकांनी अंग काढून घेतलं, सुधीरने व्हॉट्सॲपवर हात जोडले. मग मीच यवतमाळहून वणीची एसटी पकडली. वाटेत मारेगावच्या स्टँडवर गाडी थांबली. मी खिडकीतून बाहेर बघितलं नाही. माईला ऐकूनच काही झालं तर? वणीहून राजूरच्या ऑटोत बसेपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

माई पडवीत खुर्चीवर बसली होती. कोळशाच्या खाणीकडून उडत येणारी काळी भुकटी सून नुकतीच झाडून काढत होती. माईने मला जवळ बसवून तोंडावरून हात फिरवला. मी विचारलं, "माई, जेवलीस का?" तिचा हात माझ्या गालावर थांबला. मग म्हणाली, "नाही. तू करतं काय काही?"

मी आत गेले. जाडसर बेसनात तिखट, मीठ, ओवा घालून गोळे वळले, भात शिजत आला तसे त्यावर ठेवले, लाल मिरचीची फोडणी केली. तिखट डोळ्याला पटेल तेवढंच टाकलं. माईने भातात गोळा कुस्करला, वरून फोडणीचं तेल घेतलं आणि खाल्लं. एरवी दोन चमचे खाणारी माई, त्या दिवशी पुन्हा भात मागून घेऊन जेवली. घाई नव्हती. ताट पुसून स्वच्छ केलं, चूळ भरली, आणि मग सुनेला म्हणाली, "माह्या आंघोळीचं पाणी ठेव."

सूनच आधी रडली. सकाळी आंघोळ झालेलं माणूस जेवण झाल्यावर पुन्हा पाणी कशाला मागतं, ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

"आता सांग," माई मला म्हणाली. मी सांगितलं. तिने एकच विचारलं, "रात्री जेवून झोपली होती न?"

"हो माई. दूध-भाकर खाल्ली होती."

"मंग ठीक," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी तिचे पाय धरून बसले होते... तिच्या छातीत काही दुखलंखुपलं नाही. ती फक्त म्हातारी दिसायला लागली, तेवढ्या वेळात.

निघताना दारापर्यंत आली. म्हणाली, "माह्या वेळेले तुले कोण सांगन?"

"तुझी सून करेल की फोन."

"फोन करन वं. तुले खाऊ कोण घालन आधी?"

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, मी जाऊन बसले.

आता राजूरचा नंबर फोनवर दिसला की मी लगेच उचलत नाही. हाताशी जे असेल, पोळीचा तुकडा, शिळा भात, त्याचे आधी चार घास खाते. मग उचलते.